वहिनींच्या नावावरचं बेट

परदेशात माझं खातं आहे, हे इन्कम टॅक्स खात्यानं मला मोबाइलवर कळवलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. डोक्यावरचा चष्मा खाली घेऊन मेसेज दोनदा वाचला आणि पुसून टाकला. आदल्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांना 'तुमची वीज आज तोडणार' असा मेसेज आला होता, आणि त्यात त्यांचे बरेच पैसे गेले होते. चोर आता वीज सोडून इन्कम टॅक्सकडे वळले, असं मी धरून चालले. हे हॉलमध्ये शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांना आतूनच सांगितलं, "अहो, माझं परदेशात खातं निघालंय."

"बरं," हे म्हणाले. "गॅस बारीक कर, दूध उतू जाईल."

मग ई-मेल आला. तो आम्हाला बऱ्याच दिवसांनी दिसला, कारण आमच्या घरी ई-मेल शनिवारीच बघतात. त्यानंतर मात्र पोस्टमन सही घ्यायला दारात उभा राहिला. पाकिटात माझं नाव, मधलं नाव, आडनाव, पॅन नंबर, सगळं बिनचूक. शिवाय एका कंपनीचं नाव, इंग्रजीतल्या कुठल्याशा समुद्रपक्ष्याचं. त्या कंपनीची मी संचालिका होते आणि तिच्या बँक खात्यावर सही करणारी एकटी मीच होते. कंपनीचा पत्ता कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा होता. बेटाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही. घरातल्या जुन्या ॲटलासमध्ये ते शोधलं. सापडलं तेव्हा छपाईतला डाग वाटला, म्हणून नखानं खरवडून पाहिलं. निघालं नाही.

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते. कारण मी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, फक्त घरपट्टी वसूल केली. आमच्या शहरापासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर एक नगरपालिका आहे. गावाचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. तिथल्या कर विभागात मी कारकून म्हणून लागले आणि वसुली पथकाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. पत्र्याच्या दोन खोल्या असोत की तीन मजली माडी, माझ्या वहीत प्रत्येक घर होतं. लोक मला रस्त्यात बघून गल्ली बदलायचे. लग्नात पंगतीला माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही. त्यामुळे मी निवांत जेवायची.

शेवटच्या काही वर्षांत आम्ही थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायला सुरुवात केली. ही कल्पना माझी नव्हती, सगळीकडेच निघाली होती; पण मी ती मन लावून राबवली. ढोलवाले आणले पडेगावचे. दौलताबाद रस्त्याला त्यांची वस्ती आहे, मूळची मेंढपाळ मंडळी. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर ढोलवाले, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, ते थाप मारायला लागले की शेजारच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा हिशेब मिटवायला निघतील असं वाटायचं. मी नोटीस हातात धरून बाजूला उभी राहायची. आपण कायद्याच्या बाजूनं उभ्या आहोत, हे समाधान मला बीपीच्या गोळीपेक्षा जास्त लागू पडायचं.

तर अशी मी. आणि समुद्रपक्ष्याची संचालिका.

फार डोकं खाजवावं लागलं नाही. परदेश, कंपनी, खातं हे शब्द आमच्या घराण्यात एकाच माणसाला लागू होते, माझ्या धाकट्या दिराला. माझ्या सासरी पूर्वी भिक्षुकी आणि निजामाच्या कचेरीत कारकुनी, एवढेच दोन धंदे. आजेसासरे उर्दूत नोंदी लिहायचे आणि घरी आल्यावर सोवळं नेसायचे. हे संस्कृतचे शिक्षक झाले. या सगळ्या सुपारी-दक्षिणा आणि दौत-टाकवाल्यांत दीर हा पहिला माणूस ज्यानं लोखंडाला हात लावला. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ मशीन घेऊन सुरुवात केली, पुढं गाड्यांचे सुटे भाग बनवायचा मोठा कारखाना उभा केला, आणि आता बिडकीनकडे दुसरी जागा घेतली आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो सातवीत होता. सासूबाईंचा हुकूम होता की धाकटा असला तरी 'अहो भावजी' म्हणायचं. मी चारचौघांत तसं म्हणायची आणि स्वयंपाकघरात त्याच्या पाठीत धपाटा घालायची. त्याचं बीजगणित मी घेतलं. कावीळ झाली तेव्हा महिनाभर त्याला उसाचा रस मी पाजला. तो हुशार होता, लाघवी होता, आणि पहिल्यापासून त्याला कुठलीही रांग आवडायची नाही. रेशनच्या दुकानात तो मागच्या दारानं जाऊन साखर आणायचा, आणि सगळं घर त्याचं कौतुक करायचं. मीही करायची.

सही कधी केली तेही आठवलं. दिवाळीच्या आधीचा दिवस होता. मी अनारसे तळत होते. अनारसा तुपात पडला की त्याच्यावरून नजर हलवता येत नाही, विरघळतो. दीर कागद घेऊन आत आला. "वहिनी, एक छोटंसं काम. कंपनीचं आहे. घरातलं विश्वासाचं माणूस लागतं." माझे हात पिठाचे. त्यानं रुमालानं माझी बोटं पुसली, पेन हातात दिलं, आणि "इथं, इथं, आणि इथं" असं बोट ठेवून दाखवलं. मी एक डोळा कढईवर ठेवून तीन सह्या केल्या. पासपोर्टची झेरॉक्स त्याच्याकडे आधीपासून होतीच. आम्हाला सिंगापूरला नेलं तेव्हा त्यानंच सगळं काढून दिलं होतं. त्या भाऊबीजेला त्यानं मला पैठणी दिली, पैठणच्याच मागावरची, खरी. पुढं दर दिवाळीला एक. लोकांना वाटायचं, दीर असावा तर असा. मलाही वाटायचं.

पाकीट आलं त्या संध्याकाळी ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मला एवढंच विचारलं, "तू वाचलं नव्हतंस?"

तीस वर्षं मी लोकांना हेच विचारलं होतं, नोटिशीच्या मागच्या बाजूला सगळं छापलेलं असतं, वाचत का नाही म्हणून. मी लसूण सोलायला घेतला.

दिराला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला आला, एकटाच. पत्र पाहून त्याचा चेहरा जरा उतरला, पण मग सावरला.

"वहिनी, घाबरायचं काही कारण नाही. हे आता सगळ्यांना येतंय. देशादेशांत माहितीची देवाणघेवाण सुरू झालीय ना."

"सगळ्यांना म्हणजे? खालच्या इस्त्रीवाल्याला आलंय?"

तो हसला. हसला की अजून सातवीतला दिसतो. मग त्यानं मला समजावून सांगितलं. त्याचे भाग बाहेरच्या देशात जातात. तिथला गिऱ्हाईक सगळे पैसे इथं पाठवत नाही. काही इथं, आणि काही दलालीच्या नावाखाली त्या बेटावरच्या कंपनीला. बेटावर कर जवळजवळ नाहीच. म्हणजे इथल्या कारखान्याला नफा बेताचा दिसतो, कर बेताचा बसतो, आणि उरलेलं समुद्राकाठी सुखरूप राहतं.

"आणि ती दलाली करतं कोण?" मी विचारलं.

"कंपनी."

"कंपनीत माणसं किती?"

"माणसं अशी नाहीत. तुम्ही आहात."

"म्हणजे मी दलाली करते."

"कागदावर, वहिनी."

"ऑफिस आहे का तिथं आपलं?"

"पत्ता आहे. एका वकिलाच्या इमारतीत. हजारो कंपन्यांचा तोच पत्ता असतो."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग घरपट्टी कोण भरतं?"

दिरानं कप खाली ठेवला. हे कोड्यावरून मान वर न करता म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे."

मग तो जरा चिडला. त्याचं म्हणणं असं, की हे काही त्यानं शोधून काढलेलं नाही. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात आणि त्यांना कुणी चोर म्हणत नाही, त्यांच्याकडे त्याला नियोजन म्हणतात. त्याच्या कारखान्यावर दीडशे घरं चालतात. आणि भरलेल्या कराचं पुढं काय होतं? नळाला पाणी कधी येतं ते बघा, जरा वाळूजपर्यंत गाडी चालवून बघा. "मी कमावलेला पैसा मी जपला. कुणाच्या खिशात हात घातला का?"

खरं सांगते, यातलं थोडंफार मला पटत होतं. माझ्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, त्या हौसेनं बसवलेल्या नाहीत. पण मला आठवत होत्या माझ्या वहीतल्या पत्र्याच्या खोल्या. त्यांच्याही नळाला पाणी येत नव्हतं, आणि मी त्यांच्याकडून पैसे घेतलेच होते. 'आधी पाणी द्या, मग पट्टी मागा,' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तोंडावर सुनावलं होतं की पाण्याचा विभाग वेगळा आहे. दिराला असं कुणी दारात जाऊन ऐकवलं नव्हतं. त्याचं दार कुठं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"माझंच नाव का घातलंस?" मी विचारलं. "बायको होती, मुलगा होता."

"बायकोचं नाव लगेच लक्षात येतं. आणि वहिनी, तुमच्याइतका विश्वास माझा कुणावरच नाही."

हे तो मनापासून म्हणाला. मला ते जास्त लागलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर मी फारच सोज्वळ दिसेन. या सगळ्याच्या चार वर्षं आधी ह्यांची बायपास झाली. मोठ्या खासगी दवाखान्यात, सगळ्यात चांगल्या डॉक्टरांकडून. बिल दिरानं भरलं. आम्हाला आकडासुद्धा कळू दिला नाही. तो पैसा वाळूजचा होता की बेटावरचा, हे मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

दीर गेल्यावर दोन दिवस मी घरात भांडी आपटत वावरले. तिसऱ्या दिवशी डोक्यात एक कल्पना आली आणि रिक्षा करून मी पडेगावला गेले. मामांकडे. दिराच्या बंगल्यापुढं ढोल वाजवायचा, असं मी ठरवलं होतं. पैसे पेन्शनमधून देणार होते. बासष्टाव्या वर्षी बाईनं असं काही ठरवू नये, पण ठरवलं खरं.

मामा घरामागच्या मेंढरांच्या वाड्यात होते, एका मेंढीचा खूर हातात धरून बघत होते. मेंढरं आता थोडीच उरली आहेत. एक मुलगा बिडकीनकडे मजुरीला जातो, दुसरा थोडी शेती बघतो. मला बघून मामा लगबगीनं उठले आणि आधी घराकडे नजर टाकली. मी हसून सांगितलं, "मामा, मी रिटायर झालेय. आणि तुमची घरपट्टी माझ्याकडं कधीच नव्हती."

"तसं नाय मॅडम, सवय लागलीय लोकांची तोंडं बघून," ते म्हणाले. सुनेला चहा टाकायला सांगितला, बाज झटकून मला बसवलं.

मी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, माझ्या सह्यांसकट. मामा शांतपणे ऐकत होते. मध्येच विचारलं, "ते बेट लई लांब हाय का?"

"लई."

"तुमी गेल्ता का तिथं?"

"नाही हो."

"मंग मालकीण कशी काय?"

"कागदावर."

"आसं," मामा म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

मग मी सुपारी किती घेणार विचारलं. मामांनी बशी खाली ठेवली.

"नाय वाजवायचा मॅडम."

"का? पैसे जास्त घ्या."

"पैशाचं नाय. तवा तुमी संगं होता, शिक्क्याचा कागद हातात होता. आता कागद कुठंय? बंगल्यापुढं वाजवला तर धा मिनटांत पोलीस येतील, अन् धरतील मला. तुमाला खुर्ची देतील." मग म्हणाले, "आन् तवा बी, आपण बंगल्यापुढं किती येळा वाजवला? याद करा."

मी आठवून पाहिलं. एकदा. त्या दिवशी ढोलाची दोरी ताणून व्हायच्या आत कुणाचा तरी फोन आला आणि आम्ही पुढच्या गल्लीत गेलो. पुढच्या गल्लीत पत्रे होते.

"घर जागचं हलत नाय," मामा म्हणाले, "म्हणून तुमाला ते घावतं. आमी मेंढरं घेऊन नगरकडं निघालो तर वाटंत धा जण आडवतात, मोजतात, कुठं चारली, का चारली. तुमच्या दिराचं पैकं समुद्र वलांडून गेलं, कुनी मोजलं नाय."

मग मामांनीच तो विषय काढला, जो मी कधी काढला नसता. "ती हळदवाली बाई याद हाय का?"

होती. आम्ही वसुलीला न्यायचो तो ढोल म्हणजे मामांच्या लोकांच्या देवाचा ढोल. बायका त्याला हळद-कुंकू वाहतात. एका गल्लीत आम्ही वाजवायला लागलो तेव्हा एक म्हातारी हातात ताट घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, ढोल तिच्या दारी आलाय. तिनं डोक्यावर पदर घेऊन ढोलाला हळद लावली, नारळ वाढवला, अर्धी कवड माझ्या हातात दिली. मी दुसऱ्या हातातली नोटीस तिला दिली. तिला वाचता येत नव्हतं. शेजाऱ्यानं वाचून दाखवली तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सगळे पैसे भरले, सुट्ट्या नोटांत. मी पावती दिली.

"त्या दिशी घरी येऊन मी ढोल धुतला," मामा म्हणाले. "तुमाला बोललो नाय. तुमची बी नोकरीच व्हती."

ते खोबरं मी तेव्हा एसटीत बसून खाल्लं होतं. चवही आठवली. मामांच्या सुनेनं निघताना मला कुंकू लावलं, आणि मी रिक्षात बसून रस्ताभर खाली मान घालून आले.

आठवड्यानं दीर पुन्हा आला. या वेळेला बरोबर एक फाइल होती. त्याच्या सल्लागारानं मार्ग काढला होता. मी राजीनामा द्यायचा, पण आजचा नव्हे, सहा वर्षांपूर्वीचा. म्हणजे खात्यात मोठी रक्कम आली तेव्हा मी संचालिका नव्हतेच, असं दिसेल. माझ्या जागी बेटावरचाच कुणी एक गृहस्थ दाखवायचा, जो म्हणे शेकडो कंपन्यांचा संचालक आहे आणि कुठल्याच कंपनीविषयी त्याला काही माहीत नसतं. मला त्या गृहस्थाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"फक्त एक सही, वहिनी. तुम्ही सुटता, मीही सुटतो."

या खेपेला गॅसवर काही नव्हतं. मी कागद घेतला, म्हटलं वाचून सांगते. तीन दिवस वाचला. ह्यांनी जुना शब्दकोश काढून दिला आणि शेजारी बसले. संस्कृतच्या माणसाला लांबलचक वाक्यांची भीती नसते. इंग्रजी कायद्याचं वाक्य त्यांनी समास सोडवावा तसं सोडवलं. राजीनाम्यावर तारीख होती, खाली माझ्या सहीसाठी रेघ, आणि ठिकाण म्हणून त्या बेटाचं नाव.

चौथ्या दिवशी दीर आला तेव्हा मी कागद त्याच्यापुढं ठेवला.

"या तारखेला आपण कुठं होतो, आठवतंय?"

त्याला आठवेना.

"पैठणला. घाटावर. मामंजींचा दहावा होता. तू मुंडण करून पाण्यात उभा होतास आणि कावळा शिवत नव्हता म्हणून सगळे खोळंबले होते. आणि या कागदात मी त्या दिवशी समुद्रकिनारी बसून राजीनामा देतेय."

सल्लागाराला बिचाऱ्याला काय ठाऊक, त्यानं कुठली तरी एक तारीख टाकली होती. दिरानं कागद हातात घेतला, त्या तारखेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "दुसरी तारीख टाकून आणतो."

"नको," मी म्हटलं. "मी खरं सांगणार आहे."

"वहिनी, खरं सांगितलं तर मी अडकतो."

"आणि नाही सांगितलं तर मी."

त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, सख्खा भाऊ तरी काही बोलेल. हे उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. भावाला पाणी दिलं. म्हणाले, "तू स्वतःच जाऊन सांग. ही तुझ्याबरोबर येईल. मीही येईन." दीर पाणी प्यायला आणि गेला. जिन्यात त्याची पावलं मधेच थांबली, मग पुन्हा ऐकू आली. मला वाटत होतं त्याला हाक मारावी. मारली नाही.

तो स्वतः गेला नाही. मी गेले. इन्कम टॅक्सच्या ऑफिसात मला जी अधिकारी मिळाली ती माझ्या मुलीच्या वयाची होती. आधी तिनं पाणी विचारलं, मग माझा जबाब टाइप करायला घेतला. आयुष्यभर मी टेबलाच्या तिच्या बाजूला बसले होते. या बाजूची खुर्ची जरा ठेंगणी असते, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

कंपनी कुणाची, पैसा कुणाचा, सह्या कधी केल्या, हे सगळं मी सांगितलं. अनारशाचं सांगितलं तेव्हा तिनं ते टाइप केलं नाही, पण हसू दाबलं.

"या कंपनीपासून तुम्हाला वैयक्तिक लाभ काय झाला?"

"आठ पैठण्या," मी म्हटलं. "आणि एक बायपास."

तिची बोटं थांबली. "बायपास नक्की त्याच पैशातून झाली का?"

"ते मला माहीत नाही. पण नाही झाली असंही मी शपथेवर सांगू शकत नाही."

तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं. सगळा जबाब तिनं मला वाचायला दिला. मी प्रत्येक पान वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि मग सही केली. बाहेर हे फाटकाशी उसाच्या गाड्यावर उभे होते. डॉक्टरांनी गोड बंद केलंय तरी अर्धा ग्लास घेतला होता.

पुढं जे झालं त्याची कुणी बातमी करणार नाही. दिराला बोलावणं गेलं. त्यानं मोठा वकील लावला, कर भरला, दंड भरला, कंपनी बंद केली. अजून एक प्रकरण चालू आहे, ते किती वर्षं चालेल कुणास ठाऊक. कारखाना बंद पडला नाही, दीडशे घरांपैकी एकही उघड्यावर आलं नाही. कर भरला तर सगळं कोसळेल असं जे तो म्हणाला होता, तसं काही कोसळलं नाही. माझ्यावर ठपका आला तो निष्काळजीपणाचा. मला तो मान्य आहे.

घरात मात्र कोसळलं. नातेवाइकांत बातमी अशी पसरली की वहिनींनी घर फोडलं. एका आतेसासूबाईंनी मला फोन करून विचारलं, "सरकार तुझं कोण लागतं गं?" उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला. त्या वर्षी महालक्ष्म्या पहिल्यांदा दोन घरी बसल्या. जाऊबाईंकडे मुखवटे गेले, माझ्याकडे मी तांब्यांवर मांडल्या. आरतीला आम्ही दोघंच. ह्यांचा आवाज चांगला आहे, पण दोन माणसांची आरती फार लवकर संपते.

पैठण्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. अधिकारी बाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, ठेवा तुम्ही. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. एक मी कामवाल्या बाईंच्या मुलीच्या लग्नात दिली. बाकीच्या कपाटात आहेत, डांबराच्या गोळ्या घालून.

मला दिराची आठवण यायची. असं म्हणायला नको, पण यायची. दुपारी दार वाजलं की वाटायचं तोच आला, मागच्या दारानं साखर घेऊन. मी चूक केली असं मला एकदाही वाटलं नाही. पण बरोबर केल्यानंतर माणूस हलकं होतं म्हणतात, तसलं काही माझ्या वाट्याला आलं नाही.

यंदा मामंजींच्या श्राद्धाला तो आला. बोलावलं दरवर्षीच होतं. सोवळं नेसून भावाशेजारी बसला, तर्पण केलं, आणि जेवायला पाटावर येऊन बसला. केस पांढरे झालेत. मी वाढत होते. आम्ही गुडघ्यांविषयी बोललो, जाऊबाईंच्या थायरॉइडविषयी बोललो. वडे त्याला आवडले. मग त्यानं आवाज खाली आणला.

"वहिनी, आमच्या मुलाला दुबईला ठेवलंय. तिथंच कंपनी काढली त्यानं, कर जवळजवळ नाही. एकदम कायदेशीर. तो स्वतः तिथं राहतो, ऑफिस आहे, चार माणसं आहेत. आता यात तुम्हाला काही गैर वाटतंय का?"

तो खरंच विचारत होता. बीजगणिताचं उत्तर बरोबर आलं का, हे विचारताना जसा चेहरा करायचा, तसाच. मी हातात खिरीचं भांडं घेऊन उभी होते. कायद्यानं चूक काढता येत नव्हती. मुलगा तिथं राहतो, काम तिथं करतो. आणि तरी मला काय वाटत होतं ते मला शब्दांत सापडेना. मुलाचं शिक्षण इथल्या सरकारी कॉलेजात जवळजवळ फुकट झालं, हे सांगावं का? सांगितलं.

"ते आहे," दीर म्हणाला. पानातला वडा मोडला. "त्याला सांगून बघतो. ऐकायचा नाही."

"सांग तरी," मी म्हटलं, आणि त्याच्या वाटीत खीर वाढली. तो पुरे म्हणाला नाही, म्हणून आणखी वाढली.